धबधब्याकाठी लग्न करायचंय? जागा अशी निवडा

सह्याद्रीत धबधब्याकाठी लग्न लावायचं तर पहिली गाठ पंचांगाशी पडते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि नेहमीचे मुहूर्त सुरू होतात ते तुळशीच्या लग्नानंतर. धबधबे भरून वाहतात ते नेमके याच मधल्या महिन्यांत. जुलैतला फोटो पाहून डिसेंबरची तारीख धरली की मंडपामागे कोरडा काळा कातळ उभा राहतो. म्हणून आधी महिना पक्का करा, मग त्या महिन्यात वाहणारा धबधबा शोधा.

पाणी टिकतं का ते पाहा. उघड्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या सपाट माळावरून, पडणारे धबधबे पाऊस थांबला की काही आठवड्यांत आटतात. आंबोलीच्या घाटरस्त्यावरचा प्रसिद्ध धबधबा किंवा साताऱ्याजवळचं ठोसेघर यांचं खरं रूप पावसाळ्यातलं. वर दाट रान असलेला ओढा जास्त दिवस टिकतो, कारण मुरलेलं पाणी हळूहळू झिरपत राहतं. मार्लेश्वरचा धारेश्वर धबधबा हिवाळ्यातही वाहता असतो. तिथे मकरसंक्रांतीला मार्लेश्वर आणि साखरप्याच्या गिरिजादेवीचं लग्न लागतं, म्हणजे देवाने जागा विचार करून निवडलेली दिसते! धरणाखालच्या धबधब्याचं गणित वेगळं असतं. प्रवरेवरचा रंधा धबधबा भंडारदऱ्यातून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. तिथे पावसापेक्षा आवर्तन, म्हणजे धरणातून सोडायचं पाणी, कधी सुटणार ते महत्त्वाचं, आणि त्याची चौकशी जलसंपदा विभागाकडे करायची.

गावकऱ्यांना ‘पाणी असतं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘असतंय की’ असंच येतं. ‘संक्रांतीला धार कड्यापासून सुटून पडते का? शिमग्याला काय उरतं?’ असं सणांच्या खुणेने विचारा. शक्य असेल तर आदल्या वर्षी त्याच आठवड्यात स्वतः जाऊन या.

पावसाळ्यातच करायचं असेल तर (काही पंचांगांत गौणकालातले, म्हणजे चातुर्मासातले दुय्यम मुहूर्तही असतात) मंडप ओढ्याच्या पात्रात किंवा डोहाकाठी घालायचा नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाणी असंच अचानक वाढलं होतं. काठावर अडकलेला पालापाचोळा आणि काटक्या किती उंचीवर आहेत ते पाहा. मंडप त्या रेषेच्या बराच वर हवा.

जमीन कुणाची? बरेच धबधबे वनखात्याच्या हद्दीत आहेत, काही तर अभयारण्यात. तिथे मंडप, होम आणि स्पीकर यांची परवानगी मिळेल असं धरून पत्रिका छापू नका. व्यवहार्य मार्ग म्हणजे धबधबा समोर दिसणारी खासगी जमीन किंवा कृषी पर्यटन केंद्र. सातबारा पाहा, त्यावरच्या सगळ्या नावांची लेखी संमती घ्या. हद्दीची शंका असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला विचारा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि स्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी लागते. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद.

अंतर मोजा. धबधबा जवळ असला की फोटो छान येतात, पण मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत. ठरवलेल्या जागी दोघांनी तीन पावलांवर उभं राहून साध्या आवाजात बोलून पाहा. ओरडावं लागत असेल तर मागे सरका. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन्ही बाजूंनी कडे असलेल्या घळीत मात्र तो घुमतो आणि तेवढा उतरत नाही. मग चष्म्याची परीक्षा घ्या: दहा मिनिटांत काचेवर तुषार जमले तर तिथे होमही धुमसणार आणि अंतरपाटही ओला होणार. साधारण १०० ते १५० मीटरवरून धबधबा पूर्ण दिसतो आणि हे दोन्ही त्रास बरेच कमी होतात.

वर मान करून कडा नीट न्याहाळा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. कड्याच्या पुढे आलेल्या कातळाखाली आग्या मोहोळ लटकलेलं असतं, लांबून ते काळ्या डागासारखं दिसतं. होमाचा धूर, फटाके, ड्रोन, उग्र अत्तर यांनी माश्या उठतात आणि लांबवर पाठलाग करतात. दुर्बीण घेऊन जा. एक जरी मोहोळ दिसलं तरी ती जागा सोडा. मोहोळ जाळण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला पंगतीला बोलवा, तयारीला नको.

ऊन आणि मुहूर्त जुळवा. घळीत सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधीच सावली येते. गोरज मुहूर्त धरला तर धबधबा अंधारात जातो आणि थंड वारा दरीकडे उतरू लागतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर दुपारनंतर ऊन येतं, पूर्वेकडच्यावर सकाळी. मुहूर्ताच्या वेळीच जाऊन फोटो काढा, दुसऱ्या कुठल्याही वेळेचा फोटो फसवतो.

बाकीचं पटकन. गाडी थांबते तिथून मंडपापर्यंत २०० मीटरपेक्षा जास्त चाल नको, नऊवारी नेसलेल्या आजींना शेवाळलेल्या पायऱ्या उतरायला लावू नका. कातळात खुंट्या शिरत नाहीत, म्हणून प्रत्येक खांबाला २०-२५ किलोच्या वाळूच्या दोन गोण्या बांधा. अंतरपाटाच्या खालच्या काठात बांबूची कामटी शिवून घ्या, वाऱ्याने तो डोक्यावर जात नाही. १०० पाहुण्यांना निदान चार फिरती शौचालयं. भटारखाना ओढ्यापासून ५० मीटर दूर ठेवा आणि खरकटं पाणी ओढ्यात सोडू नका, खालच्या गावाची नळपाणी योजनेची विहीर बऱ्याचदा त्याच ओढ्यालगत असते. वानरं असतील तर जेवण उघड्यावर मांडायचं नाही. मोबाइलला रेंज नसेल तर १०८ ला फोन कुठून लागतो ती जागा आधीच हेरून ठेवा.

विसार देण्यापूर्वी मंडप दोन दिशांना लावता येतो का ते पाहा. लग्नाआधी दहा दिवस पुन्हा जा. धार सुतासारखी झाली असेल, तर बोहल्याचं तोंड दरीकडे वळवा.