गुडघ्याच्या कंडरेची थर्मल तपासणी : या चुका टाळा

खो-खोमध्ये चौकटीत बसलेला आक्रमक 'खो' मिळताच गुडघ्यांवर सारा भार घेऊन उसळतो, आणि धाराशिव-बीडकडच्या मैदानांवर एकाच सरावात हे असंख्य वेळा घडत असल्याने वाटीखालची कंडरा, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा तंतूंचा पट्टा, दुखू लागणे नवलाचे नाही. अशा गुडघ्यासमोर दाहाची उष्णता शोधण्यासाठी थर्मल कॅमेरा धरताना एक गोष्ट विसरली जाते : कॅमेरा कंडरा पाहत नाही, तिच्यावरच्या त्वचेतून बाहेर पडणारी अवरक्त किरणे मोजतो.

म्हणून पहिली चूक खोलीची असते. गुडघ्यावरील त्वचेचे तापमान साधारण 30 ते 33 अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतील हवाच त्याहून तापलेली असेल, तर दुखरा आणि निरोगी भाग यांतील फरक पुसट होतो, शिवाय तापलेल्या पत्र्याची उष्णता त्वचेवरून परावर्तित होऊन थेट चित्रात उतरते. कूलरचा झोत गुडघ्यावर सोडला, तर उलट बाजूची चूक होते, कारण वाऱ्याकडचा गुडघा आधी थंड पडतो. खोली 20 ते 24 अंशांच्या आसपास स्थिर ठेवावी, खिडकीतले ऊन अडवावे आणि खेळाडूला गुडघे उघडे ठेवून किमान 15 मिनिटे स्वस्थ बसवावे. सराव संपवून धापा टाकत आलेल्या खेळाडूचा फोटो लगेच काढला, तर त्यात दुखापतीऐवजी सरावच दिसेल. बर्फ, बाम, दुखण्यावरचा स्प्रे, घट्ट नी-कॅप आणि नुकतीच झालेली मालिश यांनीही त्वचेचे तापमान बदलते. हे खेळाडू आपणहून सांगत नाही, विचारावेच लागते.

कॅमेऱ्यातील उत्सर्जकता (पृष्ठभाग किती प्रमाणात अवरक्त किरणे सोडतो, ते सांगणारा आकडा) त्वचेसाठी 0.98 ठेवावी, तो गुडघ्यासमोर काटकोनात धरावा आणि अंतर प्रत्येक वेळी तेच असावे. कोणत्या तापमानाला कोणता रंग हे ठरवणारी रंगपट्टी आपोआप बदलू देऊ नये, कारण तसे झाल्यास अर्ध्या अंशाचा फरकही लालभडक दिसतो आणि घरचे घाबरतात. अनेक कॅमेऱ्यांची अचूकता दोन अंशांनी इकडे-तिकडे होऊ शकते. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा एकाच चित्रातील दोन्ही गुडघ्यांची तुलना अधिक भरवशाची ठरते. निरोगी गुडघ्यांतील फरक सहसा अर्ध्या अंशाच्या आत राहतो. मात्र दोन्ही कंडरा एकाच वेळी दुखावल्या असतील, तर ही तुलनाही फसते. हंगामापूर्वी खेळाडू ठणठणीत असताना काढलेली चित्रे जपून ठेवली असतील, तर अशा वेळी तीच कामी येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक चित्राचा अर्थ लावताना होते. जुनाट कंडरादुखीत मुख्यतः तंतूंची झीज आणि विस्कळीत रचना असते, दाह ठळक नसतो. त्यामुळे चित्र अगदी सामान्य दिसत असतानाही कंडरा बिघडलेली असू शकते. उलट, वाटीखालच्या चरबीच्या गादीचा दाह, वाटीसमोरच्या द्रवाच्या पिशवीची सूज किंवा त्वचेचा संसर्गही तितकाच उष्ण दिसतो. वाटीच्या खालच्या टोकाला बोटाने दाबल्यावर दुखते का, उतरत्या फळीवर एका पायाने बैठक मारताना वेदना नेमकी तिथेच येते का, हे आधी पाहावे आणि शंका उरल्यास डॉप्लरसह (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तंत्रासह) सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावा. केवळ लाल डाग दिसला म्हणून खेळाडूला बसवणे, किंवा तो निवळला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानात उतरवणे, या दोन्ही निर्णयांना थर्मल चित्राचा आधार पुरेसा नाही.