डोंगर-जंगलातील वाहनमुक्त ग्रॅव्हल मार्ग कसा आखावा

ग्रॅव्हल सायकलसाठी, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या रुंद टायरांच्या सायकलसाठी, डोंगराळ, जंगलातला आणि मोटारींचा उपद्रव नसलेला मार्ग शोधताना बहुतेक जण आधी अंतर आणि एकूण चढाई पाहतात. माझ्या मते त्याआधी प्रत्येक रस्त्याबद्दल एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे हा रस्ता मुळात कोणी आणि कशासाठी काढला. त्याच्या उत्तरावरून चढ किती तीव्र असेल, पायाखाली काय लागेल आणि रस्ता पुढे कुठे निघेल की रानातच संपेल, याचा बराचसा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

बंद पडलेल्या लोहमार्गांच्या जागी केलेले मार्ग सुरुवात करणाऱ्यांसाठी सर्वांत चांगले. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून अभियंत्यांनी दऱ्यांवर भराव आणि पूल घातले, डोंगर फोडले, बोगदे काढले. त्या कष्टाचा फायदा आज सायकलस्वाराला मिळतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग ते कंबरलंड हा सुमारे २४० किलोमीटरचा ‘ग्रेट अलेगेनी पॅसेज’ दाट जंगलाच्या डोंगररांगा ओलांडतो आणि जवळपास ७२९ मीटर उंचीवरील जलविभाजकापर्यंत, म्हणजे पावसाचे पाणी दोन बाजूंना वाटले जाते त्या डोंगरमाथ्यापर्यंत चढतो, तरी त्याचा चढ दोन टक्क्यांच्या आतच राहतो. त्यावरचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा बोगदा मात्र हिवाळ्यात बंद ठेवतात, त्यामुळे असा मार्ग निवडताना हंगामी बंदीची चौकशी करावीच. आणखी एक गोष्ट तपासावी. केवळ रूळ उचलून नेले असतील आणि खालची मोठी, टोकदार खडी तशीच पसरलेली असेल, तर त्या मार्गावरून कोणत्याही टायरने सुखाने जाता येत नाही. वर बारीक खडी आणि दगडाची भुकटी घालून रोलर फिरवलेला असेल तरच तो मार्ग निवडावा.

लाकूड वाहून नेण्यासाठी जंगलात काढलेल्या रस्त्यांवर याहून अधिक चढ असतो, पण तो सहसा एकसारखा असतो, कारण भरलेल्या ट्रकला तो चढायचा आणि वळणांवर वळायचे असते. या रस्त्यांची खरी अडचण म्हणजे त्यांतले बरेचसे कुठेच पोहोचत नाहीत. ते डोंगराच्या कुशीतून वर जातात आणि ओंडके रचण्याच्या मोकळ्या जागेशी संपतात. नकाशावर दोन रस्त्यांची टोके जवळ दिसली म्हणून त्यांच्यामध्ये वाट असेलच असे धरून चालू नये. मध्ये खोल ओढा किंवा करवंदीसारखी काटेरी जाळी असू शकते. जाळरेषा आणि विजेच्या तारांखालील पट्टे टाळावेत, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. वणवा रोखण्यासाठी किंवा तारा मोकळ्या ठेवण्यासाठी काढलेला पट्टा चढाचा विचार न करता डोंगरसोंडेवरून सरळ वर जातो, आणि तिथे बहुधा सायकल ढकलावीच लागते. कालव्याकाठचे आणि जलवाहिन्यांच्या देखभालीचे रस्ते सपाट असतात. दोन डोंगराळ टप्प्यांना जोडण्यासाठी ते उपयोगी पडतात.

चढ मोजण्यासाठी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा नकाशा वापरावा. रेषांमधील उंचीचा फरक २० मीटर असेल आणि रस्त्याने एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंतचे अंतर २०० मीटर भरत असेल, तर चढ दहा टक्के आहे. पक्क्या रस्त्यावर हा चढ कष्टाचा पण जमणारा असतो. सुट्या खडीवर तो लांबला की मागचे चाक घसरू लागते, आणि पंधरा टक्क्यांच्या पुढे उभे राहून पेडल मारता येत नाही, कारण मागच्या चाकावरचा भार कमी होतो. मोबाइलवरील उंचीच्या आलेखावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बोगदा असेल तिथे आलेख बोगद्यावरच्या डोंगराची उंची दाखवतो आणि पूल असेल तिथे खालच्या दरीची, त्यामुळे जुन्या लोहमार्गावर नसलेले भयानक चढ दिसतात. दाट झाडीत झाडांच्या शेंड्यांमुळेही उंचीच्या माहितीत चूक येते.

पृष्ठभागासाठी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेला नकाशा उपयोगी आहे. त्यात कच्च्या रस्त्यांना एक ते पाच अशा श्रेणी दिलेल्या असतात. एक म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला, पाच म्हणजे मऊ माती-गवताचा. ग्रॅव्हल सायकलसाठी दोन आणि तीन या श्रेणी चांगल्या. चार कोरड्या हवेत चालते. नोंद जुनी असू शकते, म्हणून उपग्रहचित्रांशी ताडून पाहावे, आणि शक्य असेल तर पानगळीच्या काळातले चित्र निवडावे, कारण तेव्हाच झाडांखालचा रस्ता दिसतो. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध गवताची पट्टी दिसली तर वाहने फार फिरत नाहीत असे समजावे. उलट, जागेवर गेल्यावर रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या आढळल्या तर तिथून वाहने वेगाने जातात हे नक्की, आणि तो टप्पा पुढच्या वेळी वगळावा.

रस्ता नकाशावर आहे म्हणजे तो सर्वांना खुला आहे असे नाही. खासगी वनजमीन, राखीव क्षेत्र, वन्यप्राण्यांच्या विणीचा काळ, वणव्याचा धोका आणि वृक्षतोड अशा कारणांनी फाटके बंद होतात. जमिनीच्या व्यवस्थापकाकडे आधी विचारणा करावी. तोड चालू असेल तर तो भाग मुकाट्याने सोडून द्यावा. वळणावरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला सायकल दिसत नाही.

मार्ग वर्तुळाकार आखावा आणि मोठी चढाई पहिल्या निम्म्यात ठेवावी, म्हणजे थकवा आला तरी परतीची वाट उताराची राहते. जिथे जिथे मार्ग डांबरी रस्त्याला भेटतो ती ठिकाणे नकाशावर खुणा करून ठेवावीत, कारण अडचणीत बाहेर पडण्याच्या वाटा त्याच असतात. वेळेचा हिशेब डांबरी रस्त्यावरील वेगाने करू नये. डोंगराळ खडीवर ताशी १२ ते १५ किलोमीटर धरणे शहाणपणाचे.

सायकलीबद्दल थोडक्यात सांगायचे तर ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि पुढच्या चक्रापेक्षा मागचे सर्वांत मोठे चक्र अधिक दातांचे असेल असा गिअर पुरेसा आहे. सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराने ३० ते ३५ पीएसआय हवेपासून सुरुवात करावी आणि रिमला दगडाचा ठोका जाणवेपर्यंत कमी करू नये.

उतारावर सर्वाधिक लक्ष लागते ते पाणी वळवण्यासाठी रस्त्यावर तिरक्या काढलेल्या चरांकडे. जंगलात ते पानांनी भरून जातात आणि वरून सपाट जमीन दिसते. पुढे पानांचा तिरका पट्टा दिसला की तिथे चर आहे असेच धरावे, ब्रेक त्याच्या आधी लावून सोडून द्यावेत, चाक चराला काटकोनात येईल असे वळवावे आणि पेडल आडवे ठेवून, नितंब सीटपासून किंचित उचलून तो ओलांडावा. चरात असताना पुढचा ब्रेक दाबला तर पडणे जवळजवळ ठरलेले. सलग पाऊस झाल्यानंतर मातीचे टप्पे सुकेपर्यंत तिथे जाऊ नये. ओल्या मातीत उठलेली चाकाची खाच पुढच्या पावसात ओहोळ होते आणि रस्ता वाहून जातो.

घनदाट दरीत मोबाइलचे नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्यावा, ठरलेला मार्ग आणि परतीची वेळ घरी कोणाला तरी सांगून जावे, आणि वाटेत बंद फाटक किंवा वाहून गेलेली मोरी आढळली तर ती नकाशावर त्याच दिवशी नोंदवावी.