फोटोतला चेहरा खरा की एआयने बनवलेला? तपासताना या चुका टाळा

नौपाड्यातील एका वधू-वर सूचक केंद्रात नोंदणीसोबत येणारे फोटो तपासण्याचे काम मी करते. मदतीला येणारी मुले हुशार असतात, तरीही त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात आणि त्यांची किंमत एखाद्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना मोजावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक म्हणजे चेहऱ्याकडे टक लावून पाहणे आणि ‘मला बघताक्षणी कळते’ असे म्हणणे. ते कळत नाही. २०२२ साली सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना खरे आणि कृत्रिम चेहरे ओळखायला दिले, तेव्हा अचूकतेचे प्रमाण सुमारे ४८ टक्के भरले. छापा-काटा करूनही तेवढेच साधले असते. खुणा शिकवल्यानंतर दुसऱ्या गटाचे प्रमाण ५९ टक्क्यांपर्यंत गेले. शिवाय कृत्रिम चेहरे खऱ्या चेहऱ्यांपेक्षा किंचित अधिक विश्वासार्ह वाटले. ‘मुलगा चेहऱ्यावरून सालस वाटतो’ हे वाक्य आमच्याकडे नेहमी ऐकू येते, आणि नेमका तोच आधार इथे सर्वांत कच्चा असतो.

त्यामुळे मी चेहरा सर्वांत शेवटी पाहते. फोटो मोबाईलवर न पाहता संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडते आणि चेहऱ्याला लागून जे काही असते ते आधी तपासते. नथीची तार नाकपुडीत शिरते की त्वचेवरच विरून जाते, गळ्यातली साखळी केसांखाली गेल्यावर दुसऱ्या बाजूने त्याच जाडीची बाहेर येते का, दोन्ही कानांतले झुमके एकाच जोडीतले आहेत का, चष्म्याची काडी कानापर्यंत पोहोचते का, साडीच्या काठाची नक्षी खांद्यावरच्या चुणीत तशीच पुढे चालते का, हे क्रमाने पाहायला थोडा वेळ लागतो आणि तो दिलाच पाहिजे. दोन्ही डोळ्यांतला उजेडाचा ठिपकाही मी पाहते, कारण एकाच खिडकीचे प्रतिबिंब दोन्हींकडे साधारण सारखेच पडायला हवे.

दुसरी चूक पहिलीच्या अगदी उलट आहे आणि माझ्या मते अधिक क्रूर आहे: त्वचा गुळगुळीत दिसली, पार्श्वभूमी धूसर दिसली, की फोटो बनावट ठरवून मोकळे होणे. कळव्याच्या एका मुलीचा फोटो उपवन तलावाच्या काठावर काढलेला होता. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका स्वयंसेवकाने तीन कारणे देऊन तो एआयचा ठरवला: चेहऱ्यावर एकही डाग नाही, एका झुमक्याची कड हवेत विरली आहे आणि नथ उजव्या बाजूला आहे. एवढ्यावर थांबता आले असते, पण त्याने कोणाला न विचारता मुलाकडच्यांना तसे कळवले, आणि आठवडा सरण्याच्या आत ती गोष्ट नात्यागोत्यात पसरली. मुलीचे वडील तिचा मोबाईल घेऊन केंद्रात आले. ते रागावले नव्हते, फक्त ‘ताई, तुम्हीच बघा’ एवढे म्हणाले.

तिन्ही कारणांची उत्तरे त्या मोबाईलमध्येच होती. डाग नव्हते, कारण कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड सुरू होता. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड चेहऱ्याची कड अंदाजाने कापतो, त्यात सुटे केस, झुमके आणि चष्म्याच्या काड्या हमखास कापल्या जातात. झुमक्याची कड तिथेच गेली होती. नथीचे कारण तर सर्वांत सोपे होते. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो अनेक मोबाईल आरशातल्यासारखा उलटा साठवतात, त्यामुळे डावीकडची नथ उजवीकडे दिसते. तिच्या खांद्यामागे पालिकेच्या फलकाचा तुकडा अर्धवट धूसर दिसत होता. फोटो आडवा पलटवल्यावर त्यावरची अक्षरे सरळ झाली, काना, मात्रा आणि शिरोरेघेसह वाचता आली. हा फरक नीट लक्षात घ्यावा: उलटलेली अक्षरे पलटवल्यावर वाचता येतात, पण संगणकाने रचलेली मागची देवनागरी पुष्कळदा कोणत्याही बाजूने अक्षर ठरत नाही, नुसत्या शिरोरेघेला लोंबणाऱ्या आकृत्या उरतात. तिच्या गॅलरीत त्याच संध्याकाळचे आणखी फोटो होते, डोळे मिटलेले, केस तोंडावर आलेले. चुकीचे कळवल्याबद्दल मुलाकडच्यांची आम्ही लेखी माफी मागितली, पण ते स्थळ पुन्हा जुळले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एका खुणेवर निकाल देण्यास बंदी आहे. शंका आली की त्याच दिवसाचे, त्याच कपड्यांतले दुसऱ्या कोनातून काढलेले फोटो मागवायचे, आणि तेही सभ्य शब्दांत. दहा सेकंदांचा व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालेल्यांना ही वाट लांबची वाटते. लांबची आहेच, पण दुसऱ्याच्या लेकीबद्दल बोलताना घाईचा हक्क आपल्याला नाही.

डोळ्यांच्या जागेवरून ओळखण्याची युक्तीही अर्धवट समजून वापरली जाते. २०१८ च्या अखेरीस एनव्हिडियाच्या संशोधकांनी मांडलेली स्टाइलगॅन ही कृत्रिम चेहरे बनवणारी प्रणाली फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकवलेली होती, आणि ते सर्व चेहरे आधी एकाच मापात बसवलेले होते. त्यामुळे तिने बनवलेले फोटो एकावर एक ठेवले तर डोळे जवळजवळ त्याच जागी येतात. परंतु फोटो थोडा कापला की ही खूण जाते, आणि २०२२ पासून सर्वांच्या हाती आलेल्या मिडजर्नी किंवा स्टेबल डिफ्यूजनसारख्या चित्रे बनवणाऱ्या साधनांना हे बंधनच नाही. ‘डोळे मधोमध नाहीत, म्हणजे फोटो खरा’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आहे. उलट स्टुडिओतल्या पासपोर्ट फोटोत डोळे ठरल्या जागीच असतात.

गूगलवर फोटो शोधून काही सापडले नाही, म्हणून तो खरा मानू नये. नव्याने बनवलेला चेहरा आधी कुठे नसतोच.

एआयच्या चित्रांत हाताची बोटे चुकतात म्हणून ती मोजण्याचा सल्ला दिला जातो, पण तो नुसत्या चेहऱ्याच्या फोटोला लागू पडत नाही.

‘९२ टक्के एआय’ असा आकडा दाखवणाऱ्या ॲपवर मी निर्णय सोपवत नाही, विशेषतः व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फोटोबाबत. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि त्यासोबतची कॅमेऱ्याची माहितीही काढून टाकते. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. स्क्रीनशॉट तपासण्यात वेळ घालवू नये.

व्हिडिओ कॉल झाला म्हणजे खात्री झाली, असेही आता धरता येत नाही, कारण चालू कॉलमध्ये चेहरा बदलता येतो. समोरच्याला मान पूर्ण बाजूला वळवायला आणि हात चेहऱ्यासमोरून हळू फिरवायला सांगावे. त्यानंतरही वाशीला किंवा ठाण्याला प्रत्यक्ष भेट ठरवावी आणि भेटीआधी एक रुपयाही पाठवू नये.

फसवणूक लक्षात आल्यावर रागाच्या भरात चॅट पुसणे आणि नंबर ब्लॉक करणे ही चूक फार जण करतात. आधी प्रोफाईलची लिंक, मूळ फोटो, नंबर आणि पैसे गेले असल्यास व्यवहार क्रमांक जपून ठेवावेत, लगेच १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि मगच ब्लॉक करावे.