विश्वास, खात्री, इमान, श्रद्धा: कुठे कुठला शब्द वापरायचा?

आधी एक गोष्ट, विश्वास हा शब्द विश्व + आस असा फोडू नका. तशी फोड करून सांगणारे मेसेज फिरत असतात, वाचायला गोड वाटतं पण ते चूक आहे. खरी फोड वि + श्वस्, आणि संस्कृतात श्वस् म्हणजे श्वास घेणे. श्वास, उच्छ्वास, निःश्वास, आश्वासन ही सगळी त्याचीच भावंडं. म्हणजे ज्याच्याजवळ जीव मुठीत धरून बसावं लागत नाही, मोकळा श्वास घेता येतो, तिथे विश्वास. हे कळल्यापासून मला तर हा शब्द उगाच कुठेही टाकवत नाही.

लिहिताना क्रियापदाकडे नीट बघा, अर्धं काम तिथेच होतं. विश्वास ठेवतो तो आपण ठरवून, बसतो तो आपोआप, त्यामुळे "बसत नाहीये, तरी ठेवतोय" हे अगदी बरोबर मराठी आहे. आणि "माझ्यावर विश्वास कर" हे हिंदी वळण झालं, आपण "ठेव" म्हणतो.

खात्री मात्र करता येते. अरबी खातिर म्हणजे मन, खातरजमा म्हणजे पांगलेलं मन एका जागी जमा होणं, आणि ते होतं पडताळून पाहिल्यावर. म्हणून पैसे जमा झाले का याची खात्री करायची, तिथे विश्वास कामाचा नाही.

इमानाची तर दिशाच उलटी. हाही शब्द अरबी, मुळात सुरक्षितपणाचा अर्थ, अमानत त्याच घरातला. विश्वास दुसऱ्यावर ठेवायचा पण इमान आपण स्वतः राखायचं, त्यामुळे "माझं तुझ्यावर इमान आहे" असं लिहू नका, माणूस इमानाला जागतो.

सगळा भार एकाच माणसावर असेल तर सरळ भिस्त म्हणा, "सगळी भिस्त तुझ्यावर", इतका नेमका शब्द असताना दुसरा शोधायचा कशाला?

श्रद्धा फार जुनी, ऋग्वेदाच्या 10व्या मंडलात तिच्यावर अख्खं सूक्त आहे. श्रत् + धा अशी फोड, आणि लॅटिनमधलं क्रेडो (म्हणजे "मी विश्वास ठेवतो") हे तिचं सख्खं भावंड, ज्याच्यावरून क्रेडिट आलं, म्हणजे उधारीच्या मुळाशीही तेच.

शेवटी विशेषणं, इथे बरेच जण घोळ घालतात: माणूस विश्वासू, बातमी विश्वसनीय, आणि ट्रस्टचा कारभार बघतो तो विश्वस्त.