मुलाखतीत अडखळवणारा ‘बॉर्न’

अंधेरी-ऐरोलीच्या कंपन्यांत मुलाखत बहुतेक वेळा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’नेच सुरू होते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलांचं पहिलंच वाक्य घसरतं: ‘आय ॲम बॉर्न अँड ब्रॉट अप इन मुंबई.’ इथे ‘ॲम’ नाही, ‘वॉज’ हवं. मनात ‘माझा जन्म मुंबईत झालेला आहे’ असं घोळत असतं, त्यातला ‘आहे’ तोंडातून ‘ॲम’ होऊन बाहेर पडतो. काही जण ‘आय बॉर्न इन परळ’ म्हणतात, ते तर साफ चूक. मराठीत ‘मी जन्मलो’ म्हणताना कर्ता मीच असतो. इंग्रजीत मूळ क्रियापद ‘बेअर’ आणि त्याची कर्ती आई. मूल जन्माला घातलं जातं, म्हणून वाक्य कर्मणी होतं आणि ‘वॉज’ गाळता येत नाही. एवढं कारण नीट समजून घ्या, पाठांतर करावंच लागणार नाही.

उच्चारही सांभाळा. ‘बॉर्न’मधला ‘ऑ’ तोंड गोल करून काढायचा. घाईत ‘बर्न’ निघालं तर अर्थ भाजण्याचा होतो.

पुढचा अडथळा प्रिपोझिशनचा. शहर, महिना, वर्ष यांना ‘इन’. पूर्ण तारीख किंवा वार असेल तर ‘ऑन’. हॉस्पिटलचं नाव घेतलंत तर ‘ॲट’: ‘आय वॉज बॉर्न ॲट केईएम हॉस्पिटल.’ आईवडिलांचा उल्लेख ‘टू’ने होतो, ‘बॉर्न टू मालवणी पेरेंट्स’. तिथे ‘फ्रॉम’ नको. घरची परिस्थिती सांगायची तर ‘बॉर्न इन्टू’.

मुंबईकरांची खरी गफलत होते ती ‘नेटिव्ह प्लेस’पाशी. आपल्याकडे नेटिव्ह म्हणजे आजोबांचं गाव, मग तुमचा जन्म शीवचा का असेना. पण ‘नेटिव्ह’चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ जन्माशीच जोडलेला आहे. त्यामुळे ‘माय नेटिव्ह प्लेस इज सातारा’ ऐकून परदेशी मॅनेजर तुम्ही साताऱ्यात जन्मलात असं धरून चालतो. त्यापेक्षा ‘माय फॅमिली इज ओरिजिनली फ्रॉम सातारा’ म्हणा, प्रश्नच मिटतो.

अर्जातल्या ‘प्लेस ऑफ बर्थ’मध्ये याच्या उलट घोळ होतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत, त्यामुळे लालबागमध्ये वाढलेल्या कितीतरी जणांच्या जन्मदाखल्यावर कणकवली किंवा चिपळूण असतं. रकान्यात दाखल्यावर आहे तेच गाव लिहा. सवयीने ‘मुंबई’ लिहिलंत तर पडताळणीत तफावत निघते आणि खुलासे देत बसावं लागतं. मुलाखतीत मात्र दोन्ही एका दमात सांगता येतं: ‘आय वॉज बॉर्न इन चिपळूण अँड ब्रॉट अप इन लालबाग.’

‘बर्थडे’ दरवर्षी येतो, ‘डेट ऑफ बर्थ’मध्ये साल लागतं. अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात, म्हणून 07/08/2001 ही आपली 7 ऑगस्ट तिकडे 8 जुलै होते. रकान्यात तारखेचा क्रम दिलेला नसेल तर महिना अक्षरांत लिहा.

आता ‘बॉर्न’चं दुसरं स्पेलिंग, ज्याच्या शेवटी ‘ई’ येतो. उच्चार तोच. ‘बेअर’चा वाहणे, सोसणे हाही अर्थ आहे, आणि त्या अर्थाने हे ‘ई’वालं रूप येतं. पावसाळ्यात लेप्टोबद्दल वाचताना ‘वॉटरबॉर्न’ दिसतं, डेंग्यू-मलेरियाबद्दल ‘मॉस्किटो-बॉर्न’. म्हणजे पाण्यातून, डासांतून पसरणारे. आई कर्ता असेल तर जन्मासाठीही हेच रूप: ‘शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन’, पण बोलताना सरळ ‘शी हॅज थ्री चिल्ड्रन’ बरं.

नोकरीच्या पत्रात हा ‘ई’ डोळ्यांत तेल घालून बघा. ‘ट्रॅव्हल एक्स्पेन्सेस विल बी बॉर्न बाय द कँडिडेट’ याचा अर्थ प्रवासखर्च तुमचा तुम्ही करायचा. ‘बाय’च्या पुढे ‘कँडिडेट’ आहे की ‘कंपनी’, हे तिकीट काढायच्या आधी वाचा.