रेट्रो माउंटन बाइकला हँडलबार आणि स्टेम निवडताना या चुका टाळा

जुनी माउंटन बाइक हातात आली की लोक आधी रंग बघतात, मग चाकं, मग गिअर. हँडलबार आणि त्याला पुढच्या चाकाच्या फोर्कशी जोडणाऱ्या स्टेमचा विचार सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत होतो. खरं तर ती सायकल रोज बाहेर निघणार की भिंतीला टेकून राहणार, हे बरंचसं या दोन भागांवरच ठरतं. याबाबतीत त्याच त्या चुका घेऊन लोक येत राहतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

२५.४ वाचलं की ऑर्डर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. २५.४ मि.मी. हा आकडा जुन्या माउंटन बाइकवर तीन वेगवेगळ्या जागी येतो. हँडलबारचा मधला, स्टेमच्या पकडीत बसणारा भाग २५.४. एक इंची फोर्कच्या स्टिअररचा, म्हणजे फ्रेममधून वर येणाऱ्या नळीचा, बाहेरचा व्यास २५.४. आणि १-१/८ इंची फोर्कच्या नळीत आत उतरणाऱ्या स्टेमचा (याला क्विल स्टेम म्हणतात) दांडाही २५.४. एक इंची फोर्कचा क्विल २२.२ असतो, आणि हँडलबारवर ग्रिप जिथे चढते ती जागाही २२.२. १-१/८ इंची स्टिअररचा बाहेरचा व्यास २८.६, आणि गॅरी फिशरच्या काही सायकलींवर आलेल्या सव्वा इंची फोर्कचा क्विलसुद्धा २८.६.

त्यामुळे 'मला २५.४ चा स्टेम हवा' या वाक्याला अर्थच नाही. स्टेमची दोन मापं हवीत: फोर्ककडचं आणि हँडलबारकडचं. त्याआधी फोर्क आट्यांचा आहे की बिनआट्यांचा, हे बघा. बिनआट्यांच्या फोर्कसाठीचा डाया-कॉम्पेचा हेडसेट (फोर्क फिरवणारे बेअरिंग), अहेडसेट, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि पुढे काही वर्षं दोन्ही प्रकार सोबतच विकले गेले. म्हणून सायकलच्या सालावरून अंदाज बांधू नका. स्टेम काढा, व्हर्नियर कॅलिपर लावा आणि आकडे कागदावर लिहा. कॅलिपर नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा, पण पट्टीने मोजू नका. २५.४ आणि २६.० मधला फरक पट्टीवर दिसत नाही.

हा ०.६ मि.मी.चा फरक किती महाग पडतो ते सांगतो. एका तरुणाने आपल्या सायकलला रोड सायकलचा एक सुंदर जुना क्विल स्टेम बसवला होता. रोडच्या अनेक जुन्या स्टेमची पकड २६.० असते, सिनेलीच्या जुन्या स्टेमची तर २६.४. याचा हँडलबार २५.४ चा. तो ढिला बसला, तेव्हा त्याने थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून एक वेढा दिला आणि बोल्ट जीव खाऊन आवळला. सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं, थोडी करकर यायची एवढंच. मग दगडधोंड्यांच्या उतारावर त्याने जोरात ब्रेक दाबला, अंगाचा सगळा भार हातांवर आला आणि हँडलबार पकडीतच पुढे फिरला. ब्रेकचे लिव्हर बोटांखालून निसटले. तो झुडपात गेला आणि मनगटावर निभावलं.

सायकल माझ्याकडे आली तेव्हा कारण समोरच दिसत होतं. पकडीचे दोन्ही कान एकमेकांना टेकले होते. कान टेकले की बोल्ट कितीही आवळा, दाब हँडलबारवर येतच नाही. फट भरायला सगळीकडून ०.३ मि.मी. जाडी लागते आणि कॅनच्या भिंतीचा पत्रा जेमतेम ०.१ असतो. तीन वेढे दिले तर तेच एकमेकांवर घसरतात. हँडलबारवर गोल चरे उमटले होते, तोही मी वापरू दिला नाही. ॲल्युमिनिअमला तडा अशाच चऱ्यातून जातो.

शिम, म्हणजे फट भरणारी पातळ कडी, वापरायचीच तर पकडीच्या पूर्ण रुंदीची, योग्य जाडीची तयार शिम घ्या. ३१.८ च्या पकडीत २५.४ चा हँडलबार बसवणारी शिम ३.२ मि.मी. जाड असते, ती व्यवस्थित काम करते. २६ आणि २५.४ च्या भानगडीत मात्र मी शिम लावतच नाही, सरळ योग्य स्टेम शोधतो. त्याला महिना लागला तर लागू दे. एका संध्याकाळी सायकल उभी करायची घाई असेल तर जुन्या सायकलीच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

नव्या सायकलीचा नियम जुन्या फ्रेमला

आजच्या माउंटन बाइकवर ४०-५० मि.मी.चा स्टेम आणि ७८० मि.मी.चा हँडलबार छान चालतो, कारण तिची फ्रेमच पुढे लांब असते आणि हेड अँगल, म्हणजे फोर्कच्या नळीचा जमिनीशी कोन, ६५ अंशांच्या आसपास असतो. १९९० च्या सुमाराची शर्यतीच्या ढंगाची फ्रेम वेगळी आहे. तिचा हेड अँगल ७१ अंश, वरची नळी आखूड, आणि ही जुळणी १३० ते १५० मि.मी.चा स्टेम आणि ५६०-५८० मि.मी.चा सरळ हँडलबार गृहीत धरून केलेली. तिच्यावर ५० चा स्टेम लावलात की पुढच्या चाकावरचा भार निघून जातो. चढावर चाक भरकटतं, वळणावर निसटतं, आणि मग लोक म्हणतात जुन्या सायकली चालवायला वाईटच असतात.

मूळ मापंच ठेवा असंही मी म्हणत नाही. १५० चा स्टेम आणि खाली झुकलेली पाठ शर्यतीत ठीक होती, रोज सोसवत नाही. माझी सवय अशी: हँडलबार २० मि.मी. रुंद केला की स्टेम १० मि.मी. आखूड करायचा. हात पसरले की धड आपोआप पुढे झुकतं, त्याची ही भरपाई. बहुतेक अशा फ्रेमवर मी ६४०-६६० चा हँडलबार आणि ९० ते ११० चा स्टेम यावर थांबतो. मनगट दुखत असेल तर उंचीपेक्षा आधी मागे वळण जास्त असलेला हँडलबार लावून बघा. फ्रेमच दोन मापांनी लहान असेल तर कुठलाही स्टेम तिला वाचवू शकत नाही.

क्विल वर, अजून वर

दांड्यावर किमान खोलीची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. याला अपवाद नाही. कारण दांड्याच्या टोकाची पाचर स्टिअररच्या आट्यांच्या भागात आली तर नळी तिथेच सर्वात कमकुवत असते, ती फुगते किंवा तडकते. उंची हवी असेल तर लांब दांड्याचा स्टेम घ्या. निट्टो असे स्टेम बनवते.

बसवताना दांड्याला आणि पाचरीला ग्रीस लावा. ॲल्युमिनिअमचा दांडा स्टीलच्या नळीत कोरडा ठेवला की गंजून असा धरतो की शेवटी करवत घ्यावी लागते. काढताना बोल्ट पूर्ण काढू नका. दोन-तीन फेरे सैल करा, डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका, पाचर सुटते.

कँटिलिव्हर ब्रेक (मधोमध वरून येणाऱ्या केबलने ओढला जाणारा) असेल तर जुना स्टेम काढण्याआधी ब्रेकची केबल कुठून जाते ते पाहा. कित्येक स्टेममध्येच केबलचा थांबा किंवा रोलर असतो. नवा स्टेम चढवल्यावर पुढच्या ब्रेकला आधारच उरत नाही, आणि ते लक्षात येतं तेव्हा बहुतेकांच्या ग्रिपसुद्धा चढवून झालेल्या असतात. हेडसेटवर बसणारा हँगर, म्हणजे केबलचा वेगळा थांबा, आधीच आणून ठेवा. थांबा स्टेममध्येच असेल तर स्टेमची उंची बदलली की ब्रेक पुन्हा जुळवावा लागतो, हेही विसरू नका.

एका बोल्टच्या बंद पकडीतून उठावदार हँडलबारची वळणं बहुधा जात नाहीत. थोडक्यात अडत असतील तर पकड स्क्रू-ड्रायव्हरने फाकवू नका. बोल्ट उलट बाजूने, आट्यांच्या कानातून घाला, फटीत नाणं धरा आणि हलकेच आवळा, बोल्ट नाण्याला टेकून पकड उघडतो.

नव्वदच्या दशकातला दीडशे ग्रॅमचा हँडलबार कपाटात शोभतो, चालवायला नवा घ्या. पातळ हँडलबारवर बार-एंड, म्हणजे टोकांना लावायची शिंगं, आवळू नका, टोकं चेपतात.

हँडलबार कापायची घाईही नको. आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून काही दिवस चालवा. मग दोन्ही टोकांकडून पाच-पाच मि.मी. कापा, कानशीने कडा घासा आणि टोकांना प्लग बसवा. पडल्यावर उघडी नळी मांडीत किंवा पोटात घुसते, म्हणून प्लगशिवाय सायकल बाहेर काढू नका.