जुन्या अमेरिकन फर्निचरची पारख करताना या चुका टाळा

अठराव्या शतकातील अमेरिकन कपाट किंवा टेबल पारखताना सर्वाधिक घोटाळा होतो तो केवळ दर्शनी भाग पाहिल्यामुळे. महोगनी आणि अक्रोड इंग्लंडमध्येही वापरत, नक्षीचे नमुनेही लंडनच्या छापील पुस्तकांतून येत. म्हणून वस्तू कोठे घडली हे खणांच्या बाजू, तळ आणि पाठीच्या फळ्या अधिक खात्रीने सांगतात, कारण तेथे कारागीर जवळपास मिळणारे स्वस्त लाकूड लावत असे. न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेच्या ईशान्य भागात) ते बहुधा पांढरे पाइन, तिथल्याच ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट शहरात अनेकदा चेस्टनट, फिलाडेल्फियात ट्युलिप पॉप्लर किंवा पांढरा सिडार, तर दक्षिणेत पिवळे पाइन असते. खण बाहेर काढून न पाहता केलेली पारख माझ्या मते पारखच नव्हे. अर्थात एकट्या लाकडावरही विसंबू नये, कारण पांढरे पाइन इंग्लंडलाही जात असे.

शैलीच्या नावावरून काळ ठरवणे तितकेच धोक्याचे आहे. लंडनचा फर्निचर कारागीर थॉमस चिपेंडेल याच्या नावाची चिपेंडेल शैली अमेरिकेत साधारण १७५५ ते १७९० या काळातली, परंतु अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या सुमारास जुन्या शैलींची ओढ वाढली आणि त्यांच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर बनल्या. अशा वेळी हत्यारांच्या खुणा पाहाव्यात: गोल करवतीचे वक्र ओरखडे किंवा अणकुचीदार टोकाचे स्क्रू मूळ बांधणीतच असतील, तर वस्तू अठराव्या शतकातली नाही. मात्र एखादा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीतलाही असू शकतो, म्हणून त्याच्या छिद्राभोवती आधीच्या खिळ्याची खूण आहे का, हे तपासावे.

झीज आणि काळपटपणा हे पुरावे नव्हेत. आर्मंड लामोन्टेन या शिल्पकाराने १९६९ मध्ये सतराव्या शतकातल्या ब्रूस्टर खुर्चीची (कातलेल्या दांड्यांच्या जड खुर्चीची) नक्कल मुद्दाम इतकी जीर्ण केली, की हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती अस्सल समजून ९,००० डॉलरना विकत घेतली. पुढे क्ष-किरण तपासणीत छिद्रे आधुनिक ड्रिलची असल्याचे दिसले.

न्यूपोर्टच्या शिंपल्याच्या नक्षीवरून थेट तिथल्या जॉन टाउनसेंड या नामवंत कारागिराचे नाव जोडण्याचा मोहही आवरावा. तशी नक्षी टाउनसेंड आणि गोडार्ड या दोन्ही घराण्यांतले अनेक कारागीर करत. तेव्हा जॉन टाउनसेंडची सही किंवा लेबल असलेल्या वस्तूंशी खणांचे सांधे आणि आतली बांधणी ताडून पाहिल्याशिवाय नोंदीत ‘न्यूपोर्ट घडण’ एवढेच लिहावे.